बायकांचा खेळ दुपारी तीनला

हँडबिल गुलाबी कागदाचं होतं. संक्रांतीच्या दिवशी, सोमवारी, ते पाड्यात आलं. खाडी ओलांडून देणाऱ्या गुणाजी तरवाल्याने मुरुडच्या एसटी स्टँडवरून दहा-बारा कागद उचलले होते आणि प्रत्येक आळीत एकेक टाकत तो गेला. वाचता येणारी माणसं पाड्यात थोडी. केसर चौथी शिकलेली होती. तिने ते आळीत उभं राहून मोठ्याने वाचलं आणि कुणी मागितलं नसताना आणखी दोनदा वाचलं.

मजकूर असा होता: मुंबईचा वाद्यवृंद येणार, वीस कलाकार, सिनेमातली गाणी, गायिका स्वतः रंगमंचावर. उत्पन्न संरक्षण निधीला. रविवार, वीस जानेवारी १९६३, शाळेच्या पटांगणावर तंबूत. पुरुषांचा खेळ रात्री नऊला, बायकांचा खेळ दुपारी तीनला.

चीनची लढाई थांबून दोन महिने झाले होते. निधी अजून चालू होता. तालुक्यात भजनाचे, नाटकांचे, कुस्त्यांचे कार्यक्रम निधीसाठी होऊन गेले होते. गाण्याची एवढी मोठी पार्टी मात्र पहिल्यांदाच येत होती.

केसर सोळा वर्षांची होती. तिच्या तिकिटाचा प्रश्न नव्हता, पंचवीस पैसे तिच्याकडे होते. प्रश्न असा होता की मार्गशीर्षात तिचा साखरपुडा झाला होता. मुलगा मुरुडच्या कोळीवाड्यातला, दयाराम, बापाच्या होडीवर काम करणारा. लग्न वैशाखात ठरलं होतं. साखरपुडा झालेली मुलगी आईबापाच्या घरात राहते, पण ती कुठे जाते-येते हे सासरच्यांना विचारून ठरतं. पाड्यात तशी रीत होती आणि ती मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

गुरुवारी सासूचा निरोप आला. निरोप आणणाराही गुणाजीच. सासूचं नाव सोनूबाई.

केसरची आई चंद्राबाई घरापुढच्या खळ्यावर बसून सुके बोंबील निवडत होती. गुणाजी उभ्या उभ्या म्हणाला, "वयनी, सोनूबाय बोलली, आमची सून त्या तंबूत दिसाया नको."

"तिला कोन बोलला केसर जानार म्हनून?"

"कोन न्हाय. आदीच बोलून ठेवते ती. लय हुशार बाई हाय."

"तू कागद वाटलेस, आन् तूच निरोप आनतोस."

"माझा धंदाच तो, वयनी. हिकडचं तिकडं." गुणाजी हसला आणि गेला.

चंद्राबाईने त्या संध्याकाळी केसरला सांगितलं की जायचं नाही. केसरने कारण विचारलं नाही. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि गप्प राहिली. शुक्रवारी गप्प राहिली, शनिवारीही. चंद्राबाईला वाटलं विषय संपला. तिला विषय संपायला हवाच होता. शनिवारी ती डोक्यावर सुक्या म्हावऱ्याची पाटी घेऊन डोंगरापलीकडच्या चार वाड्या फिरून आली होती. जाऊन-येऊन आठ मैल. परत आली तेव्हा तिच्या पायांच्या घोट्यांना बोट लावलं की खड्डा पडत होता.

रविवारी दशमी होती. अष्टमीच्या आसपास पाण्याला ओढ नसते, त्या दिवसांना भांग म्हणतात. डोलीची, म्हणजे पाण्याच्या ओढीत रोवून ठेवायची, जाळी मग काढून आणतात, धुतात, फाटलेली शिवतात, ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवतात. दशमीला पाणी पुन्हा ओढ घेऊ लागतं आणि होड्या निघतात. केसरचा बाप तुळशीराम भागोजी पाटलाच्या होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. साडेसातला भरती पुरी झाली. आठच्या सुमारास, ओहोटी लागता लागता, होडी सुटायची होती.

होडी सुटताना पाड्यात एक नियम कडक पाळत. होडीला पाय लागलेल्या माणसाला किनाऱ्यावरून "कुठं", "कवा येशील" असं विचारत नसत आणि त्याच्याशी बोलताना "न्हाय" हा शब्द कुणी उच्चारत नसे, त्यानेही नाही. पाणी आहे का विचारलं आणि पाणी नसलं, तर "भरून आनतो" असं म्हणायचं. विडी मागितली आणि विडी नसली, तर "मागून देतो" म्हणायचं. नकार घेऊन होडी गेली तर दर्यासुद्धा नकार देतो, असं सगळे धरून चालत. लहान पोरांना म्हणून त्या वेळी वाळूवर येऊ देत नसत, ती काहीही बोलतील या भीतीने.

बायका जेवणाची गाठोडी आणि पाण्याची मडकी घेऊन गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. केसरने आपलं मडकं बापाच्या हातात दिलं. तुळशीराम होडीत उभा होता. त्याने मडकं आत ठेवलं आणि वळला, तेव्हा केसर अजून तिथेच होती.

"बा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "दुपारी गान्याला जाव का?"

होडीत पाच माणसं होती. पाचही थांबली.

तुळशीरामने बायकोकडे पाहिलं. चंद्राबाई चार हातांवर होती, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, हातात रिकामी टोपली. तिला काही करता येण्यासारखं नव्हतं. तिने टोपली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"व्हय," तुळशीराम म्हणाला.

भागोजी पाटील सुकाणूपाशी बसला होता. त्याला हसू आवरेना. "तुळश्या, पोरीला मुंबयला हायकोर्टात धाड."

तुळशीराम हसला नाही. त्याने दोर सोडला. होडी पाण्यावर घेताना त्याने पुन्हा मागे पाहिलं नाही, कारण मागे पाहणंही चालत नसे.

वाळूवरून परतताना बायका आपसात बोलत होत्या. शेजारची कृष्णाबाई चंद्राबाईच्या बाजूने चालत होती. ती साठीची होती आणि तिचं बोलणं कधी हळू नसे.

"आता आडवू नको गो तिला."

"मी काय बोलले का?"

"बोलशील म्हनून सांगते. दर्यावर शबुद गेला. खालच्या आळीतल्या सत्यवतीनं तवा काय केलान? नवऱ्यानं होडीवरून व्हय म्हटलान, हिनं घरात न्हाय केलान. जाळं फाटून आलं. वरीसभर लोक तिलाच बोलत व्हते."

"जाळं जुनं व्हतं त्यांचं."

"जुनं व्हतं. पन लोक काय जाळ्याला बोलले?"

चंद्राबाईने टोपली कमरेवर घेतली. हे तिला ठाऊक होतं. केसरलाही ठाऊक होतं, म्हणूनच तिने दोन दिवस तोंड बंद ठेवलं होतं.

घरी आल्यावर केसरने विहिरीवरून सहा खेपा पाणी आणलं. खळं झाडलं. वलांडीवरचे, म्हणजे बांबूंना बांधलेल्या दोरांवरचे, बोंबील उलटे केले. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील एकेक सोडवून फिरवावे लागतात. दोघींचं काम तिने एकटीने दहाच्या आत संपवलं. मग भात लावला. या सगळ्यात ती आईसमोर थांबली नाही. आई दाराशी पाय लांब करून बसली होती आणि तिच्याकडे पाहत होती.

चंद्राबाई हिशेब करत होती, पण तो सरळ येत नव्हता. अडवलं तर आणि होडीला काही झालं तर दोष तिचा. जाऊ दिलं तर आणि सोनूबाईने मोडता घातला तर दोष तिचाच. साखरपुडा मोडलेल्या मुलीला दुसरं घर मिळायला दोन वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. केसरच्या मागे आणखी एक मुलगी होती. नवरा परवापर्यंत येणार नव्हता, आणि आला असता तरी म्हणाला असता, तुझं तू बघ. अठरा वर्षांत प्रत्येक गोष्टीला तो हेच म्हणाला होता. वाईट माणूस नव्हता. दमून यायचा.

"हितं ये," तिने हाक मारली.

केसर आली. हात ओले होते.

"बस."

"भात लागंल."

"लागूं दे. बस."

केसर उंबऱ्यावर बसली.

"बाला इचारलंस, ते इचारनं न्हवतं," चंद्राबाई म्हणाली.

"मग काय व्हतं?"

"जाळं लावलंस तू त्याला. त्याला न्हाय म्हनता येत न्हवतं, म्हनून व्हय म्हटलान. त्याला परवानगी म्हनत न्हाईत."

केसर ओल्या हाताने उंबऱ्यावरची माती पुसू लागली.

"आता मी होडीत न्हाय. मना व्हय म्हनता येतं, आन् न्हायसुदा म्हनता येतं. मना इचार."

"तू न्हाय म्हनशील."

"म्हनेन बी. इचार तू."

केसरने हात लुगड्याला पुसले. मग पुन्हा पुसले. होडीशी एवढ्या माणसांत निघालेला आवाज आता निघत नव्हता.

"आये, गान्याला जाव का?"

"कशाला?"

"ऐकाया."

"हाटेलात रेडिओ हाय. बाजारात गेलीस की तितंच असतेस. मना काय ठावं न्हाय का?"

"हाटेलात न्हाय. हाटेलाच्या भायेर, पाटी घिऊन. मालक हाकलतो. एक गानं बी पुरं ऐकलं न्हाय मी." ती थांबली. "आन् रेडिओत बाई दिसत न्हाय. ही बाई उभी राहून गाते म्हनं. सगळ्यांसमोर. तिला बघायची हाय मना."

"बघून काय व्हनार?"

"काय न्हाय व्हनार."

हे उत्तर चंद्राबाईला अपेक्षित नव्हतं. तिला वाटलं होतं पोरगी रडेल, किंवा मैत्रीण शकू जाते, अमकी जाते असं सांगेल. मग नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

"सासरी गेल्यावर कोन जाव देनार हाय मना?" केसर म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही. उद्या भरती किती वाजता, हे सांगावं तसं.

आत भाताचा करपल्याचा वास सुटला. केसर उठली नाही. शेवटी चंद्राबाईच उठली, आत जाऊन भांडं उतरवलं आणि परत येऊन दाराला टेकून उभी राहिली.

"जा," ती म्हणाली. "शकूच्या बरोबर जायचं, तिच्याच बाजूला बसायचं. आन् कुनी इचारलान तर बाचं नाव घ्यायचं न्हाय. आयेनं धाडली म्हनून सांगायचं."

"आन् सोनूबाय?"

"ती मी बघते."

ती कशी बघणार होती, हे तिचं तिलाही तेव्हा ठरलेलं नव्हतं. जेवताना ठरलं. चोरून पाठवलं तर कळणारच. गुणाजीच होडी चालवतो. मग आपणच जाऊन सांगायचं. गाणं चालू असेल तेवढा वेळ सोनूबाईच्या ओट्यावर बसायचं आणि ती काय बोलेल ते ऐकून घ्यायचं. आज दुपारी जरा आडवं व्हायचं, असं तिने कालपासून मनात धरलं होतं.

दोन वाजता तिघी खाडीवर आल्या: चंद्राबाई, केसर आणि शकू. ओहोटी नुकती संपली होती. होडीपर्यंत पोटरीभर चिखलातून जावं लागलं. मुलींनी चपला हातात घेतल्या होत्या. चंद्राबाईच्या हातात सोड्यांचं, सुकवलेल्या कोळंबीचं, गाठोडं होतं, कारण व्याह्यांकडे रिकाम्या हाताने जात नाहीत.

"आये-लेकी गान्याला निगाल्या काय?" गुणाजी म्हणाला. "वयनी, म्हातारपनी शौक!"

"वल्हं मार."

"आन् माझ्या निरोपाचं काय झालं?"

"त्याचं उत्तर मी सोता घिऊन चालले. तुझा तेवढा धंदा बुडाला."

पलीकडे उतरल्यावर मुली पाय धुऊन शाळेच्या दिशेने गेल्या. धावत नव्हत्या, पण चालतही नव्हत्या. चंद्राबाई कोळीवाड्याकडे वळली.

सोनूबाई ओट्यावर मोठं पातेलं घासत बसली होती. घरात नवरा, चार मुलगे आणि ती. तिची दोन्ही मनगटं फडक्याच्या पट्टीने बांधलेली होती. व्याहीण दिसताच तिने चटई टाकली, पाणी दिलं आणि परत पातेल्याकडे बसली.

"आज वाट चुकलीस?"

"चुकले न्हाय. सांगाया आले." चंद्राबाईने गाठोडं पुढे ठेवलं. "केसर गान्याला गेली. मी धाडली."

सोनूबाईचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"निरोप पोचला न्हाय?"

"पोचला."

"बरं झालं. गुनाजी दारू पितो, मना वाटलं इसरला." तिने राख घेतली. "मंग तुमच्या पाड्यात व्याहिनीचा शबुद असाच पाळतात काय?"

"न्हाय. म्हनून तर सांगाया आले."

"बापूस व्हय बोलला म्हनं. होडीवर. सकाळीच समजलं मना. बाजारात सगळी हसत व्हती. तुमची सून वकीलीन व्हनार, मना बोलली."

"बापसानं काय बोललान ते सोडा. मी धाडली."

पटांगणावरच्या कर्ण्यातून खरखर आली. कुणीतरी तीनदा "हॅलो" म्हटलं. मग वाद्यं एकदम सुरू झाली आणि त्यांच्यामागून बाईचा आवाज आला. कोळीवाडा शाळेपासून तीन फर्लांगांवर. शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"ऐक," सोनूबाई म्हणाली. "हितं फुकट हाय. पंचवीस पैसे कशाला घातलान?"

"तिला बाई बघायची व्हती."

"कसली बाई?"

"गानारी."

सोनूबाईने मान हलवली आणि पातेलं पालथं घातलं. चंद्राबाईला झोप येऊ लागली. गाणं बदललं, पुन्हा बदललं. टाळ्या पडल्या. तिने भिंतीला डोकं टेकलं आणि क्षणभर खरोखरच डोळा लागला. जाग आली तेव्हा सोनूबाई समोर येऊन बसली होती आणि मनगटाची पट्टी सोडून पुन्हा बांधत होती.

"साकरपुडा मी मोडनार न्हाय," ती म्हणाली. "मोडंन असं वाटलं काय तुला?"

"वाटलं व्हतं."

"पोरगी कामाची हाय. जीब हाय तिला, पन कामाची हाय. मना जीब चालंल. हे बघ." तिने मनगट पुढे केलं. ते सुजून कोपरापर्यंत लाल झालं होतं. "पाच पुरसांचं रांधते, पानी भरते, म्हावरं सुकवते. वैशाखापतूर माझ्यानं व्हनार न्हाय. माघात करूं लगीन."

चंद्राबाई नीट बसली. "माघ शनवारी लागतो की. शुक्कीरची आमुशा."

"माघातला दुसरा भांग. पुरूस घरी असतात. महिना न्हाय उरला, ते मना ठावं हाय."

"वैशाख ठरला व्हता. सुकवनीचे दिवस हायत. माझ्याकडं दुसरी दहा वरसांची हाय फकस्त. मी एकटी काय करूं?"

"मी काय करते?" सोनूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आन् चंद्रे, ठरल्यापरमान चालायचं, तर निरोपापरमान बी चालायचं व्हतं. आज तू तुझं चालवलास. मी काय बोलले? आता माझं चालू दे."

सोनूबाईच्या मनात हे आधीपासून असणार हे चंद्राबाईला दिसत होतं. गाण्याचं निमित्त मिळालं नसतं तर दुसरं मिळायला वेळ लागला असता, कदाचित वैशाखापर्यंतचा. आता ते तिने स्वतः चालत येऊन, सोड्यांच्या गाठोड्यासकट, आणून दिलं होतं.

"केसरच्या बाला इचारते," ती म्हणाली.

"इचार. तो व्हयच म्हनंल."

सोनूबाई हसली, आणि चंद्राबाईलाही थोडं हसू आलं, कारण ते खरं होतं. मग सोनूबाईने चहा केला. मनगट दुखत असल्याने भांडं चंद्राबाईने उतरवलं.

खेळ सहाला सुटला. खाडी भरत आली होती, होडी थेट पायऱ्यांना लागली होती आणि चिखल पाण्याखाली गेला होता. शकू मावशीकडे थांबली, म्हणून परतताना दोघीच होत्या. केसर होडीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, आईकडे तोंड करून बसली. तिने एकच गोष्ट विचारली: "रागावली काय ती?"

"व्हय. मंग चाय पाजलान."

केसरला तेवढं पुरलं. मग ती बोलतच राहिली. पेटी गळ्यात अडकवून वाजवणारा माणूस होता, तो वाजवताना डोळे मिटायचा. एका गाण्याला माईक बंद पडला, तरी बाई थांबली नाही, तशीच गात राहिली आणि मागच्या बायका पुढे सरकल्या. साडी निळी होती. उंच बाई नव्हती, रेडिओवर वाटते तशी मुळीच नव्हती, केवढीशी होती.

चंद्राबाई ऐकत होती. माघाचं तिला सांगावं लागणार होतं. उद्या सांगता येणार होतं, परवा बाप आल्यावर सांगता येणार होतं. आज सांगायलाच हवं असं काही नव्हतं. तिने पाय होडीच्या फळीवर लांब केले. घोटे सकाळपेक्षा जास्त सुजले होते.

"किती येळ गायली ती?" तिने विचारलं.

"तीन तास. मधी दुसरा कोन गायला, पन थोडाच येळ."

"उभी राहून?"

"उभीच."

"मंग दमली असंल."

केसर विचारात पडली. हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"दमली असंल," ती म्हणाली. "पन दिसत न्हवतं."

गुणाजीने वल्हं आत ओढलं. होडी पाड्याच्या काठाला लागली आणि केसरने आधी उतरून आईला हात दिला.